सगळं धरून

अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर बाजारात एखादं घर सहलीला निघालं की गल्लीतला पहिला प्रश्न ठरलेला असतो. कुठं चाललात, हा नव्हे. "कितीत पडलं?" आकडा कळला की दुसरा: "सगळं धरून?" उत्तर 'हो' आलं की ऐकणाऱ्यांचे दोन तट पडतात. एक तट ओठ मुडपतो. मेंढरांसारखं छत्रीवाल्याच्या मागंमागं फिरायचं, याला काय प्रवास म्हणतात? दुसरा तट हिशेबाला बसतो. एवढे मोजले आहेत ना, मग एक पॉइंट सोडू नका, एक नाश्ता सोडू नका, पै न् पै वसूल करा. एकाला पॅकेज टूर हलकी वाटते आणि दुसऱ्याला ती चरकात घातलेल्या उसासारखी वाटते, चिपाड होईस्तोवर पिळायची. दोघांनाही आजवर फारसं कुणी उलट बोललेलं नाही. ज्यांच्या जीवावर या टूर भरतात त्या बायका अशा चर्चेत नसतात. त्या आत बॅगा भरत असतात.

मेंढरांची उपमा ताजी आहे असं पहिल्या तटाला वाटतं. ती निदान १८६५ची आहे. थॉमस कुक हा मूळचा लाकूडकाम करणारा, दारूबंदीचा प्रचारक. १८४१च्या ५ जुलैला त्यानं इंग्लंडातल्या लेस्टरहून लफबरोला साधारण पाचशे माणसं माणशी एक शिलिंग घेऊन आगगाडीनं नेली. दारूबंदीच्या सभेला नेलेली ती माणसं म्हणजे आजच्या सगळ्या टूर कंपन्यांची आजी. पुढं कुकनं लोकांना स्वित्झर्लंड दाखवलं, इटली दाखवली, आणि तिथं चार्ल्स लिव्हरचं डोकं फिरलं. लिव्हर आयरिश कादंबरीकार, इटलीत ब्रिटिश सरकारचा नोकर. 'ब्लॅकवुड्स' मासिकात टोपणनावानं त्यानं लिहिलं, की हे कळप इटलीच्या शहरांत हिंडतात आणि त्यांचा म्होरक्या मेंढपाळाच्या कुत्र्यासारखा भोवती घिरट्या घालतो. एवढ्यावर न थांबता, ऑस्ट्रेलियानं नाकारलेले कैदी कुक इथं आणून सोडतो आहे, अशी आवई उठवल्याची फुशारकीही त्यानं मारली. त्याचा राग प्रवासाच्या पद्धतीवर होता की आपल्याला पगारी मिळालेली इटली आता किराणा दुकानदारालाही मिळू लागली यावर होता, हे त्या मजकुरात लपत नाही.

त्याच्या दोनच वर्षं आधी, १८६३ साली, कुकच्या पहिल्या स्विस सहलीत यॉर्कशायरची जेमायमा मॉरेल गेली होती. ती रोजनिशी लिहीत होती. पहाटे उठणं, खेचरं, घाट, बर्फ, पायाला आलेले फोड, सगळं तिच्या वहीत आहे. वही पुढं हरवली, दुसऱ्या महायुद्धानंतर सापडली आणि १९६३ साली छापली गेली. त्या काळी एकट्यादुकट्या बाईला परदेशी पाठवायला घरचे सहजी तयार होत नसत. कुकचं तिकीट हातात असलं की परवानगी मिळे. 'कळप' हा शब्द वापरताना लिव्हरच्या लेखणीपुढं ही बाई नव्हती, आणि आजच्या टीकाकारांपुढंही ती क्वचितच असते.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर अमरावती जिल्ह्याबाहेरही जावं लागत नाही. कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी आषाढीला पंढरपूरला जाते. दिंडीत चालणाऱ्यानं भिशी भरायची, वळकटी ट्रकमध्ये टाकायची, मुक्कामाला तंबू ठोकलेला असतो, पाण्याचा टँकर असतो, पंगत वेळेवर बसते. कुठं थांबायचं, कधी निघायचं, कुणी कुणाच्या मागं चालायचं, हे सगळं ठरलेलं. चालणाऱ्याच्या डोक्यावर एकच काम उरतं, चालायचं आणि नाम घ्यायचं. याला आजवर कुणी मेंढरांचा कळप म्हटलेलं नाही, म्हणायची कुणाची छातीही नाही. मुक्कामाची आणि शिध्याची चिंता दुसऱ्यानं वाहिली म्हणून वारकऱ्याची वारी खोटी होत नाही. मग चंदीगडहून मनालीला जाणाऱ्या बसमध्ये बसलेल्या निवृत्त मास्तरांचीच सहल खोटी कशी होते?

खरा मुद्दा वेगळा आहे. तो मिनिटांत मोजता येतो. केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात २०२४ साली असं दिसलं, की घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ८८. आधीच्या, २०१९च्या सर्वेक्षणात हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली, आणि तेवढ्यात पुरुषांनीही आपली नऊ वाचवून घेतली. पावणेपाच तासांच्या वर जाणारा हा वेळ सुट्टीत कुठं जातो, हे विचारलं की पॅकेज टूरचा अर्थ उलगडतो. मामाच्या गावी गेलं तर तो वेळ मामीच्या चुलीपुढं जातो. स्वतः गाडी काढून चिखलदऱ्याला गेलं तर पहाटे चारला उठून पुऱ्या तळण्यात, भरली वांगी डब्यात भरण्यात आणि संध्याकाळी परतल्यावर तेच डबे घासण्यात जातो. 'किचनची सोय' असलेली खोली घेतली तर काय होतं ते सांगायलाच नको. सोय कुणाची, एवढाच प्रश्न. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या. गरीब माणसाला तीर्थाच्या ठिकाणी पाठ टेकायला जागा झाली, हे केवढं मोठं काम! पण धर्मशाळेत उतरलेल्या घराचीही चूल बाईनंच पेटवायची, ही चाल बदलायला अजून अवकाश होता.

सर्व खर्चासहित सहल हा पहिला असा प्रकार, की ज्यात चूल पैशांत धरलेली आहे. सहलीहून आलेल्या एखाद्या बाईला काय काय पाहिलं ते विचारावं. ताजमहाल, दल सरोवर, सगळं सांगून झाल्यावर ती खरी गोष्ट सांगते: "पाह्यलं त लय काही. पण आठ दिवस सकाळी उठून 'आज भाजी कायची करू' याचा इचार करा लागला नाही." मराठी टूर कंपन्यांना हे फार आधी कळलं. केसरी पाटलांनी १९८४ साली केसरी टूर्स सुरू केली, त्यांच्या कन्या वीणा पाटील यांनी २०१३ साली वीणा वर्ल्ड काढली, आणि फक्त बायकांच्या सहली हा मराठी पर्यटनातला भरवशाचा धंदा झाला. नवरा नाही, मुलं नाहीत, सासू नाही. टीकाकार त्याला व्यापार म्हणतात. आहेच व्यापार. पण घरात फुकट मिळत नव्हतं ते विकत मिळू लागलं, तर बोट दुकानदाराकडं का दाखवायचं?

आता जेवणाची थट्टा. युरोपात जाऊन वरण-भात खाणारे मराठी पर्यटक हा विनोदाचा हुकमी विषय. कंपनी स्वयंपाकी सोबत नेते, आल्प्सच्या पायथ्याशी पोहे मिळतात, आणि ज्यानं कधी कुणाला जेवू घातलेलं नाही असा लेखक त्यावर दोन पानं हसतो. बसमध्ये कोण बसलेलं असतं ते बघावं. सत्तरीची आजी, कवळी लावलेली. साखरेच्या गोळ्या जेवणाआधी अर्धा तास घेणारे आजोबा. माळकरी काकू, ज्यांच्या पोटात जन्मात अंडं गेलेलं नाही आणि ज्यांना पावात नक्की काय घातलंय हे जर्मन भाषेत विचारता येत नाही. या माणसांनी स्थानिक चीज चाखलं नाही म्हणून त्यांना युंगफ्राऊ कमी उंच दिसत नाही. ज्याला चाखायचं तो बसमधून उतरून चाखतोच. एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. पनीर हा या सहलींचा राष्ट्रीय पदार्थ झाला आहे, आणि आठव्या दिवशी वऱ्हाडी माणूस बॅगेच्या तळाशी ठेवलेला ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी काढतो तेव्हा सगळ्या टेबलांवरून हात पुढं येतात.

"तेच स्वतः आखलं असतं तर निम्म्यात झालं असतं," हा पुढचा आक्षेप. तरुणांच्या बाबतीत तो पुष्कळसा खरा आहे. पाठीवर बॅग, हातात मोबाइल, आणि एखादी रात्र स्टेशनवर काढायची तयारी असली तर निम्म्यातच काय, पाव खर्चातही होतं. चांदूर बाजारच्या संत्रा बागाईतदाराचं तसं नाही. मृग बहराची फळं फेब्रुवारी-मार्चपर्यंत उतरतात, जूनमध्ये पेरणीची घाई. मधला एप्रिल-मे हाच काय तो मोकळा, आणि त्यातही लग्नं. गावाला नरखेड–बडनेरा मार्गावर स्टेशन आहे, पण लांबच्या बहुतेक गाड्यांसाठी बडनेऱ्याला जावं लागतं. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. मेमध्ये सहा जणांच्या एकत्र बर्थ मिळवणं, मग हॉटेल, मग गाडीवाला, मग त्याची हिंदी, मग दरड कोसळून रस्ता बंद झाला तर पुढं काय, हे सगळं कुणी तरी करायचं असतं. ते निम्म्या खर्चात धरलेलं नसतं, कारण तो वेळ घरातला आहे आणि घरातल्या वेळाला भाव नसतो. रेल्वेच्या आयआरसीटीसीनं भारत गौरव गाड्यांचं जे पॅकेज बांधलं, त्यात प्रवास, मुक्काम, शाकाहारी जेवण, बसनं दर्शन आणि विमा एकत्र आहे, ते याच गरजेवर. या योजनेतली पहिली गाडी जून २०२२मध्ये कोइमतूरहून निघाली, ती शिर्डीला. दक्षिणेतले भाविक आपल्या साईबाबांना 'सगळं धरून' आले. त्यांना मेंढरं म्हणायला शिर्डीतला कुणी पुढं आल्याचं ऐकिवात नाही.

विरोधकांचा एकच आक्षेप असा आहे, की ज्यापुढं थांबावं लागतं: पैसा तिथल्या माणसाला मिळत नाही. बंद कुंपणाच्या रिसॉर्टमध्ये जेवण, पेय, खेळ, सगळं आत असलं की बाहेरचा टपरीवाला रस्ता बघत बसतो. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियानं १९९९च्या सुमारास असल्या पॅकेजवर बंदी घातली होती. परदेशी कंपन्यांनी पाठ फिरवण्याची धास्ती पडली आणि ती लवकरच मागे घ्यावी लागली. दुखणं खरं, औषध मात्र लागू पडलं नाही. तरी हा आक्षेप घेणाऱ्यांनी एकदा रविवारी चिखलदऱ्याला जाऊन यावं. तिथं स्वतःच्या गाडीनं, स्वतःच्या मनानं आलेला 'खरा प्रवासी' काय करतो? घरचा डबा सोडतो, घरचं पाणी पितो, एक भाजलेलं कणीस घासाघीस करून घेतो, प्लास्टिकच्या पिशव्या कड्यावर ठेवून खाली उतरतो. त्यापेक्षा टूरची बस बरी, निदान एखाद्या हॉटेलात चाळीस ताटं तरी लागतात. स्थानिकाला पैसा मिळावा याची काळजी असेल तर कंपनीला लेखी विचारावं, की हॉटेलं कुणाची, वाटाड्या कुठला, एक जेवण गावातल्या खानावळीत ठेवता येईल का. असं विचारणारा ग्राहक आजवर दुर्मिळ आहे. कंपन्या आपणहून सांगत नाहीत, हेही खरं.

राहिला दुसरा तट, वसूलवाल्यांचा. हा तट पहिल्यापेक्षा घातक, कारण तो घरातच असतो आणि प्रेमानं बोलतो. "नाश्ता फुकट आहे, दोन डोसे घे अजून." नाश्ता फुकट नाही, तो मार्चमध्येच भरून झालाय, आणि तिसऱ्या डोशानं तो परत मिळत नाही. घाटातल्या बसमध्ये तो परत येतो, पण वेगळ्या वाटेनं. स्पेनच्या बालेआरिक बेटांवर 'सगळं धरून' या बोलीत दारूही धरलेली असे आणि वसुलीचा धर्म तिथले पाहुणे इतक्या निष्ठेनं पाळत, की २०२० साली सरकारला कायदा करावा लागला: मागालुफसारख्या ठरावीक भागांत दिवसाला सहाच पेयं, तीन दुपारच्या जेवणाबरोबर, तीन रात्रीच्या. आपल्याकडं त्याच निष्ठेनं पॉइंट मोजले जातात. सकाळी सहाला वेकअप कॉल, सातला नाश्ता, आठला बस, बारा ठिकाणं, त्यातली चार 'बाहेरून फोटो'. कंपन्या असले कार्यक्रम का आखतात? कारण ग्राहक दोन कंपन्यांची पत्रकं शेजारी ठेवून बोटानं ठिकाणं मोजतो, आणि जिच्या यादीत दोन जास्त, तिला चेक देतो.

वसूलच करायचं तर काय करावं? एक दुपार बस सोडावी. पत्रकात आहे म्हणून शिमल्यातल्या सहाव्या मंदिराला जायलाच हवं असं नाही. टूर मॅनेजरला सांगावं, आम्ही खोलीवर आहोत. जेवून, पडदे ओढून, दुपारी अडीच वाजता बाईनं झोपावं. दार वाजणार नाही, कुकर लावायचा नाही, चारच्या चहाला कुणी हाक मारणार नाही. वऱ्हाडातल्या पन्नाशीच्या बाईला विचारा, अशी झोप शेवटची कधी मिळाली होती. बहुतेकींना बाळंतपण आठवतं. त्या झोपेचा दर कुठल्याच पत्रकात छापलेला नसतो, पण पैसे तिचेही भरलेले असतात.

आणि हिशेबाची हौस असलेल्यांनी ती पैसे भरण्याआधी भागवावी. 'सगळं' हा मराठीतला सगळ्यात निसरडा शब्द आहे. व्हिसा त्यात आहे का? विमानाच्या दिवशीचं जेवण? टीप? केबल कारचं तिकीट की फक्त केबल कारच्या पायथ्यापर्यंतची बस? तिसऱ्या माणसाला पलंग की जमिनीवर गादी? विमा कितीचा, आणि आधीपासूनचा मधुमेह त्यात बसतो का? उत्तरं फोनवर घेऊ नयेत, लेखी घ्यावीत. परदेशी पॅकेजवर कंपनी टीसीएस (आगाऊ कर) म्हणून जी रक्कम घेते ती बुडीत नव्हे, प्राप्तिकराच्या विवरणपत्रात ती जुळवून घेता येते किंवा परत मिळते. गावातल्या किती जणांनी ती सोडून दिली असेल कोण जाणे. कबूल केलं ते दिलं नाही तर भांडायला पुण्या-मुंबईला जावं लागतं हाही गैरसमज. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. म्हणजे चांदूर बाजारकराला अमरावतीचा जिल्हा आयोग पुरतो. वकील सक्तीचा नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही.

कंपनीच बुडाली तर? ही भीती खोटी नाही. लेस्टरच्या त्या एका शिलिंगापासून निघालेली ब्रिटनची थॉमस कुक कंपनी २३ सप्टेंबर २०१९ रोजी बुडाली, तेव्हा तिचे सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवासी परदेशांत होते. ते घरी आले, कारण ब्रिटनमध्ये पॅकेजच्या प्रवाशांसाठी संरक्षणाची योजना होती आणि तिथल्या विमान प्राधिकरणानं विमानं पाठवली. भारतातली त्याच नावाची कंपनी २०१२ पासून वेगळ्या मालकीची, तिला धक्का लागला नाही. यातून पॅकेज नको असा अर्थ काढणाऱ्यांनी नीट बघावं: त्या संरक्षणात पॅकेजवाले सुखरूप परतले. सुटी सुटी तिकिटं घेणाऱ्यांना तेवढा भरवसा नव्हता.

जुन्या काळाचा दाखला मात्र प्रत्येक चर्चेत निघतोच. आमच्या वेळी असली थेरं नव्हती, आम्ही बहिरमला राहुटी ठोकायचो, तीच खरी सुट्टी. बहिरम चांदूर बाजार तालुक्यातच, परतवाडा–बैतूल रस्त्यावर, सातपुड्याच्या पायथ्याशी. डिसेंबरच्या उत्तरार्धात यात्रा भरते ती जानेवारी संपेपर्यंत चालते. घरंच्या घरं तिथं राहुट्यांत मुक्कामाला असत. भूमध्य समुद्रातल्या मायोर्का बेटावर १९५० साली जेरार्ड ब्लिट्झनं लष्कराचे जुने तंबू ठोकून क्लब मेड उघडला आणि जगाला 'सगळं धरून' सुट्टीची नवी चटक लावली. तंबूतली सुट्टी आपल्याला त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती. फरक इतकाच, की आपल्या राहुटीतला स्वयंपाक 'सगळं'मध्ये धरलेला नव्हता, तो बाईकडं होता.

राहुटीतल्या सुट्टीचं वर्णन पुरुष करतात तेव्हा त्यात हंडीचं मटण असतं, थंडी असते, शेकोटी असते. हंडीत पळी फिरवायला पुरुष पुढं असत हे खरं. दोन किलो कांदे कुणी चिरले, लसूण कुणी सोलला, मसाला पाट्यावर कुणी वाटला, हे त्या वर्णनात येत नाही. रोडगे तर बघण्यासारखे. घट्ट कणीक मळायची, छोट्या पोळ्या लाटायच्या, तेल लावून एकीवर एक ठेवायच्या, मोठी पोळी घेऊन त्यांना आत कोंडायचं आणि वळून गोळा करायचा. गोवऱ्यांचा आर पडेपर्यंत धुरात बसायचं, रोडगे त्यात पुरायचे, हातानं उलटायचे, मग फडक्यात घेऊन राख झटकायची. वीस माणसांचे साठ रोडगे झटकणाऱ्या बाईचे डोळे दुसऱ्या दिवशीपर्यंत लाल असत. ती यात्रेला आली होती.

आता बहिरमच्या रस्त्याला हंडीची हॉटेलं लागतात. गाड्या थांबतात, माणसं उतरतात, हंडी आणि रोडगे सांगतात. हे काही खरं बहिरम नव्हे, असं तिथं कुणी म्हणत नाही. पॅकेज टूरला नावं ठेवणारे काकाही तिथं बाकावर बसलेले असतात. शेजारी काकू. पोऱ्या येतो, ताटात रोडगा फोडून ठेवतो, वरून तूप घालतो, रस्सा ओततो. काका विचारतात, "किती झाले सगळे धरून?" काकूंचं तिकडं लक्ष नसतं. गरम आहे तोवर त्या खात असतात.